पुराव्यापुरती सनई

कोपराचा फोटू कुनी पुरावा म्हून धरतं का, सांगा बरं तुमीच! पन आमच्या हाताला तेवढाच लागला. त्याला आमी काय करावं?

सुरुवातीपासून सांगतो. फाल्गुनातली गोष्ट. मी दाजीच्या वावरात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून राह्यलो व्हतो. दाजी म्हंजे माझ्या थोरल्या बहिनीचे मालक, कडूबा. काळी जमीन वाळून दगड झाल्ती, आन् एक एक पऱ्हाटी दोन हिसडे दिल्याबिगर सुटत नव्हती. आमच्या बोरखेडीत सनई म्हनलं की कडूबा आन् हलगी म्हनलं की मी, नागसेन. चाळीस वरीस आमी जोडीनं लग्नं वाजवली. इकडं कुंभार पिंपळगाव, तिकडं बदनापूर, गावं सांगत बसलो तर दिवस मावळन. आता दाजीला चार पऱ्हाट्या उपटल्या की धाप लागायची. सनई फुकून फुकून छाती गेली. जालन्याच्या डाक्टरनं साफ सांगितलं, बाबा, फुकनं बंद करा.

बांधावर बसून माझी बहीन, कौसल्या अक्का, त्यांना बोलून राह्यली व्हती. अक्काचं तोंड एकदा सुरू झालं की शेजारच्या वावरातली मान्सं बी काम थांबवून ऐकतेत.

"जा की पुन्हा कचेरीत! सा महिने झाले फारम दिऊन. समद्या दुनियेच्या म्हाताऱ्याला मानधन चालू झालं, तुमालाच काहून न्हाई?"

"पुरावा मागतेत."

"कशाचा?"

"मी सनई वाजवतो याचा."

"आवं, गावाला इचारा म्हनावं!"

"गावाचं तोंड तिथं चालत न्हाई. फोटू लागतो, न्हाई तर व्हिडिओ."

सरकार म्हाताऱ्या कलावंताला महिन्याच्या महिन्याला मानधन देतं, त्याचं ते फारम. दाजीला त्याची गरज व्हतीच, दवाखाना चालू व्हता. पन खरं सांगू का, त्यांना पैशापेक्षा त्या कागदाची हाव व्हती. सरकारच्या शिक्क्याखाली आपलं नाव आन् नावाम्होरं सनईवादक, एवढं मरायच्या आधी एकदा बघावं, असं त्यांच्या मनात व्हतं. माझ्यापाशी बोलले व्हते तसं.

मंग आमी दोघं गावात फोटू हुडकायला निघालो. ज्या ज्या घरचं लगीन वाजवलं त्या त्या घरी गेलो. बायांनी पेट्या उघडल्या, डांबरगोळ्याचा वास मारनारे अल्बम काढले, च्या पाजला. तीन दिवस हेच. घोडा सापडला, घोड्याचं शेपूट सापडलं, रुसलेला जावई सापडला, बुंदीची कढई सुद्दा सापडली. आमी कुठंच न्हाई! मंग ध्यानात आलं. फोटूवाला आला की पयलं हेच म्हनायचा, "वाजंत्री, जरा बाजूला व्हा." चाळीस वरीस आमी बाजूलाच होत गेलो ना बाप्पा! फोटूवाल्यानं म्हनलं की व्हायचं बाजूला, त्यात काई वाटायचं बी न्हाई.

शेवटाला तुळजाबाईच्या घरी एक घावला. तुळजाबाई ऐंशीच्या घरातली, गावातली जुनी बाई. तिच्या थोरल्या लेकाच्या लग्नातला फोटू. पान्याच्या टाकीमागून सनईचं तोंड निघाल्यालं आन् त्याच्या मागं एक कोपर.

"हे माझंच," दाजी म्हनले.

"कशावरून?"

"आरं, सनई धरल्यावर एवढं वर कोपर दुसरं कोन काढतं? मला माझा बाप सुद्दा टोकायचा."

बराबर व्हतं, कोपर त्यांचंच व्हतं. आमी लई खुशीत तालुक्याला गेलो. तिथल्या बाबूनं फोटू उलटा केला, सुलटा केला, चष्मा काढून बघितला आन् म्हनला, "बाबा, मानधन कोपराला द्यायचं का?" समदी कचेरी हसली. दाजी बी हसले, दुसरं काय करावं ते सुचलंच न्हाई त्यांना. माझ्या मातर पायाची आग मस्तकाला गेली. टेबलावर हात आपटनार व्हतो, दाजीनं माझं मनगट धरलं आन् मला भाईर आनलं.

असं समदं चालू आसताना चैताच्या शेवटाला कल्याण दाजीच्या घरी आला. कल्याण आमच्याच गावचा, पन्नास एकराचा धनी, आता जालन्यात बंगला बांधून राह्यतो. मानूस वाईट न्हाई, हे आधीच सांगून ठिवतो, न्हाई तर तुमी उगाच त्याच्या नावानं बोटं मोडसाल.

"कडूबामामा, आमच्या पोरीचं, अक्षताचं लगीन काढलंय," तो म्हनला. "डीजे बिलकुल नको म्हनते ती. आन् पाव्हने पुन्याचे, त्यांना लाइव्ह पाह्यजे."

"लाइव्ह म्हंजे?" दाजीनं इचारलं.

"म्हंजे जित्या मान्सानं वाजवलेलं."

"मंग आतापस्तोर आमी काय मरून वाजवत व्हतो का?" मी म्हनलं. कल्याण लई हसला.

आता सुपारीचं सांगतो. आमच्या बापजाद्यांनी धम्माची दीक्षा घेतली तव्हा गावाचं फुकटचं वाजवनं सोडलं. दाजीच्या बापानं तर सनई माळवदावर टाकून दिल्ती, परत तोंडाला लावली न्हाई. दाजीनं ती खाली काढली, पन त्यांचा एक कायदा व्हता. सुपारी हातात द्यायची, वरून टाकायची न्हाई. बसायला खुर्ची पाह्यजे. जेवन समद्यांच्या पंगतीत. एका गावात खुर्ची दिली न्हाई, तर आमी नवरदेवाला मारुतीपाशी घोड्यावर तसाच ठिऊन घरी निघून आल्तो. त्यापायी दोन वरीस त्या अंगाची लग्नं गेली आमच्या हातची, गेली तर गेली. कल्याणला हे ठावं व्हतं. त्यानं दोन्ही हातांनी सुपारी दाजीच्या हातात ठिवली.

दाजी म्हनले, "कल्याणराव, बाकी तुमची मर्जी. मला फकस्त एक व्हिडिओ द्या. मी वाजवतानाचा, तोंड दिसन असा."

"मामा, एक सोडून दहा घ्या. पाच क्यामेरे हायेत, वरून उडनारा येगळाच!"

तो गेल्यावर दाजी बराच येळ सुपारी हातात घिऊन बसले. मंग म्हनले, "नागसेन, झालं बघ काम."

महिनाभर त्यांनी जिवाचं रान केलं. डाक्टरचं सांगनं गेलं खड्ड्यात. सकाळी दिस निघायच्या आधी वावरात जायचं, लिंबाखाली बसायचं आन् फुकायचं. सनईच्या तोंडात जी बारीक पत्ती बसती, जिच्यातून सूर निघतो, ती नवी करून घेतली. अक्का शिव्या बी द्यायची आन् आद्रक-मध बी चाटवायची. लांब दम जात नव्हता, मंग दाजीनं काय केलं, चालच बारक्या बारक्या तुकड्यात बसवली. चार सूर, थांबा. पाच सूर, थांबा. आन् थांबनं असं की ऐकनाराला वाटावं हे असंच आसतं, ह्या थांबन्यातच खरी मजा हाये. मी चाळीस वरीस त्यांच्या शेजारी बसलो, पन एवढं निवांत त्यांनी कव्हा वाजवलं नव्हतं. एक दिवस तर माझा हलगीवरचा हात थांबला.

"काहून थांबला रं?" ते म्हनले.

"ऐकून राह्यलो," मी म्हनलं.

लगीन बदनापूरच्या अलीकडं एका लॉनवर व्हतं. वैशाखाचं ऊन, डांबर चपलीला चिकटून राह्यलं व्हतं, आन् आत गेलं की मोठाले पंखे पान्याचा फवारा मारतेत. तिथं समद्याचा कारभार एका पोरीकडं, अर्पिता तिचं नाव, संभाजीनगरची. कानात यंत्र, हातात कागद, तोंडात साखर.

"काका, या या! किती छान दिसताय. एकदम उस्ताद!"

आमाला जरीचे कोट दिले, फेटे बांधले. बसायची जागा बघून तर मी खुळाच झालो. नवरदेव-नवरीच्या मंचाच्या शेजारी तेवढाच उंच दुसरा मंच, वर गादी, लोड, झेंडूच्या माळा. जन्मभर एका खुर्चीसाठी भांडलेल्या मान्साला गादी मिळाली! दाजीनं लोडावर हात फिरवला आन् माझ्याकडं बघून हसले. तोंडात एकच दात पुढं राह्यलाय त्यांच्या, तो सुद्दा हसला.

त्यांनी पत्ती थुंकीनं वली केली, सनईत बसवली आन् दोन सूर काढले. आजूबाजूची चार मान्सं वळून बघायला लागली. तेवढ्यात अर्पिता पळत आली.

"काका, काका! वाजवायचं नाही हं!"

"आँ?"

"म्हणजे वाजवायचं, पण आवाज करायचा नाही. नुसती अ‍ॅक्शन. सनई आपण रेकॉर्ड केलेली लावणार आहोत. नवरीची एंट्री, धूर, वरून पडणारी फुलं, सगळं सेकंदावर बसवलंय. तुम्ही थोडं जरी मागेपुढे झालात तर फुलं आधी पडतील आणि नवरी मागून येईल."

दाजीला उमजायला जरा येळ लागला. मंग ते म्हनले, "बाई, कल्याणरावाला तर लाइव्ह पाह्यजे व्हतं."

"लाइव्हच आहे की काका. तुम्ही दिसताय ना!"

तिनं मला सांगितलं, हलगीला खालून फोम चिकटवा, आन् गेली पळत दुसरीकडं. तिचा बी दोष किती धरावा? पुन्याच्या पाव्हन्यांनी तिला तसंच सांगितलं आसंन. कल्याण तर फाटकावर पाव्हन्यांच्या गळ्यात गळे घालून राह्यला व्हता, त्याला ह्यातलं काई ठावं सुद्दा नव्हतं.

दाजी उठले. फेटा काढला आन् गादीवर ठिवला.

"चल नागसेन."

आन् इथं मी माती खाल्ली. आजपस्तोर कुनाला बोललो न्हाई, आज बोलतो.

"दाजी, बसा," मी म्हनलं. "व्हिडिओ पाह्यजे ना तुमाला?"

"वाजवल्याबिगर नुसते गाल फुगवू?"

"घंटाभराचं काम हाये. कचेरीत आवाज कुनाचा हे कोन बघनार? तो बाबू? त्याला कोपरातलं आन् ढोपरातलं कळत न्हाई."

"आन् कुनी वळखलं तर?"

"कोन वळखतंय! दाजी, छाती ही अशी. पुढच्या साली तुमाला कोन सुपारी देनार हाये? असे क्यामेरे पुन्हा कव्हा येनार?"

खाली लोक खुर्च्या धरून बसत व्हते, कुनी हात करून राह्यलं व्हतं, "कडूबा, दनकून होऊ द्या!" मंग त्यांनी फेटा उचलला आन् डोक्यावर ठिवला. पत्ती काढली, रुमालात गुंडाळली आन् खिशात घातली. वाजवनाऱ्या मान्साचा सनईला तोंड लागल्यावर दम काई त्याच्या ताब्यात ऱ्हात न्हाई. पत्ती आसती तर सूर निघालाच आसता.

भोंग्यातून सनई सुरू झाली. आता खोटं कशाला बोलू, लई गोड व्हती. दाजीनं गाल फुगवले. बोटं चालवली. मी फोम लावलेल्या हलगीवर हात मारून राह्यलो व्हतो आन् मला माझीच शरम वाटून राह्यली व्हती. क्यामेरावाला दाजीच्या तोंडाशी आला, घामाचे थेंब टिपले, बोटं टिपली. उडनारा क्यामेरा डोक्यावर घरघर करून गेला. धूर आला, नवरी आली, फुलं येळेवर पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

लगीन लागल्यावर अक्षता नवऱ्याला घिऊन आमच्याकडं आली. दोघं वाकले.

"आजोबा, काय सुंदर वाजवलंत! माझ्या अंगावर काटा आला."

दाजीनं तिच्या डोक्यावर हात ठिवला.

तिच्या मागून तुळजाबाई आली, नातवाचा हात धरून. म्हनली, "कडूबा, दम परत आला रं बाबा तुझा! एका दमात केवढं लांब गेलास! मी तर मनात म्हनलं, म्हातारा गेला आता कामातून."

"हां, आलाय परत," दाजी म्हनले.

जेवायला उभ्यानं ताट घिऊन फिरायचं व्हतं. म्या दोन जिलब्या आनून दिल्या तर त्यांनी त्या माझ्याच ताटात ठिवल्या.

कल्याण सबदाचा पक्का. आठ दिवसांत व्हिडिओ माझ्या फोनवर आला. दाजी पडदाभर! फेटा, मिशा, फुगलेले गाल, घाम. अक्कानं तीनदा बघितला. पदरानं डोळे पुसून म्हनली, "आवं, काय वाजवलंय तुमी! एवढी सालं संसार केला, पन असं कव्हा ऐकलं नव्हतं मी." दाजी उठून भाईर गेले. मी बी तिला काई बोललो न्हाई. कसं बोलनार?

तालुक्याचा बाबू तर उड्याच मारायला लागला. "हे बघा, याला म्हणतात पुरावा! आधी आणला असता तर एवढ्या चकरा झाल्या असत्या का?" त्यानं व्हिडिओ मिळाल्याचा कागद फाईलला लावला, शिक्का मारला. म्हनला, श्रावणात समिती बसती, बोलावनं येईन, सनई संगं घिऊन या. समितीला कधी कधी वाजवून दाखवावं लागतं.

बोलावनं आलं तव्हा चार दिवसांची झड लागल्याली. सोयाबीन पिवळं पडून राह्यलं व्हतं, रस्त्यातली काळी माती चपलीला धरून पाय उचलू देत नव्हती. दाजीनं धोतर गुडघ्यापस्तोर खवसलं आन् सनई छातीशी धरून डांबरीपस्तोर चालले. मधी दोनदा धाप लागून थांबले.

समितीत तिघं बसले व्हते. मधले आदिनाथ सर, रिटायर झालेले संगीताचे मास्तर. बाबूनं मोठ्या पडद्यावर व्हिडिओ लावला. सरांनी डोळे मिटले. कानानं ऐकनारा मानूस निघाला हो! मला वाटलं व्हतं समदे बाबूसारखेच आसतेन.

व्हिडिओ सरला. सर म्हनले, "बाबा, आता इथं थोडं वाजवाल?"

दाजीनं पत्ती वली केली. बसले. आन् वाजवलं. तेच, लिंबाखालचं. चार सूर, थांबा. पाच सूर, थांबा. शेवटाला खोकला आला, दम तुटला, पन त्या आधी जे वाजलं ते वाजलं. दारातला शिपाई हातातलं पान्याचं भांडं ठिवून ऐकत उभा व्हता, म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं.

सर म्हनले, "बाबा, हे आणि व्हिडिओतलं एकाच माणसाचं नाही."

"सर, आजारी हायेत ते," मी मधीच बोललो. "तव्हा दम व्हता, आता..."

"दमाचं सोडा हो. वळण वेगळं आहे. सूर धरायची पद्धतच वेगळी. वळण काय, एवढ्यात बदलतं का?"

मी पुन्हा तोंड उघडनार, तेवढ्यात दाजीनं हात वर केला.

"सर बराबर बोलून राह्यले," ते म्हनले. "ते वाजवनं माझं न्हाई. मी नुसते गाल फुगवले."

मंग मात्र मी समदं सांगितलं. कोपर, क्यामेरे, फोम, फुलं, समदं. मी म्हनलं, सर, गुन्हा माझा हाये, म्याच त्यांना बसा म्हनलो. सरांनी ऐकून घेतलं. त्यांचं तोंड उतरलं व्हतं, त्यांना बी बरं वाटत नव्हतं, हे दिसून राह्यलं व्हतं.

"आज बाबांनी जे वाजवलं ते मला फार आवडलं," ते म्हनले. "पण अर्जाला लावलेला पुरावा खोटा आहे, आणि तसं त्यांनी आमच्या तिघांसमोर कबूल केलंय. आता मी सही कशी करू?"

"आन् सर, व्हिडिओ नसता लावला तर? नुसतं आज वाजवलं आसतं तर?"

सर बाबूकडं बघायला लागले. बाबू म्हनला, "व्हिडिओ नसता तर फाईल इथपर्यंत आलीच नसती."

आता सांगा! मी वरडलो, टेबलावर हात आपटला, नको नको ते बोललो. म्हनलं, खरं वाजवलं त्याचा तुमाला कागद नव्हता, आन् कागद आनला तर तुमी खरं ऐकता! शिपायानं माझ्या खांद्यावर हात ठिवला, भाऊ, चला. दाजी तर कव्हाच उठून सनई रुमालात बांधून राह्यले व्हते.

जाताना बाबूनं हातात कागद दिला. खाली शिक्का व्हता, वर दाजीचं नाव व्हतं. मी वाचून दाखवला. "सनईवादक असल्याचे भासवून बनावट पुरावा सादर केला, सबब अर्ज नामंजूर. यापुढे अर्ज करता येणार नाही." दाजी म्हनले, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचला. त्यांनी कागदाची घडी घातली आन् बंडीच्या आतल्या खिशात ठिवली.

स्टँडवर बसलो. पानी बारीक बारीक चालूच व्हतं, आमच्या गावची बस दोन घंट्यानं व्हती. मी म्हनलं, "दाजी, मला चपलीनं मारा. मी तुमाला उठू दिलं आसतं तर एवढं झालं नसतं."

"तू काहून रडून राह्यला? बसा तू म्हनला, पन बसलो मीच ना." मंग म्हनले, "तो व्हिडिओ लाव बरं."

"आता कशाला?"

"लाव म्हनलं ना."

मी लावला. दाजीनं फोन दोन्ही हातात धरला आन् कानाशी नेला, मंग डोळ्यांम्होरं, मंग परत कानाशी. सनई वाजून राह्यली व्हती, शेजारी बसलेल्या दोन बाया बी ऐकायला लागल्या.

"हे बघ," दाजी म्हनले. "हितं तो वर गेलाय आन् माझी बोटं खालीच. आन् हितं बघ, त्यानं केवढा येळ सूर धरून ठिवलाय, मी तव्हा घाम पुसून राह्यलो." ते हसले. "सरानं ऐकलं, पन नीट बघितलं न्हाई. बघितलं आसतं तर मला वाजवायला सुद्दा लावलं नसतं."

एक बाई म्हनली, "बाबा, तुमीच का हो हे? लई भारी वाजवता."

"मी न्हाई, बाई," दाजी म्हनले.

बाईनं एकदा फोनकडं बघितलं, एकदा दाजीच्या तोंडाकडं बघितलं, आन् म्हाताऱ्याला काई समजंना आसं वाटून ती बसची पाटी बघायला लागली.

व्हिडिओ सरला. दाजीनं फोन माझ्याकडं दिला न्हाई, तसाच मांडीवर धरून ठिवला.

"नागसेन, कोन आसंन रं हा? लई तयारीचा मानूस हाये. दम बघ त्याचा. म्हातारा आसंन का जवान?"

"मला काय ठावं, दाजी."

"त्या पोरीला इचारलं तर तिला बी ठावं नसंन." ते जरा थांबले, दम खाल्ला. "कुनाकुनाच्या लग्नात वाजून राह्यला आसंन, त्याचं त्याला सुद्दा ठावं नसंन. आन् हिकडं त्या बिचाऱ्याला बी कुनी म्हनत आसंन, हे तूच वाजवलं कशावरून, पुरावा आन."